हॉटपॉटला पहिल्यांदा जाताना: आधी पातेलं ठरवा, मग बाकीचं

चीनमधल्या चेंगदूला किंवा चोंगचिंगला कामासाठी गेलेल्या माणसाला पहिल्या दोन-चार दिवसांतच कोणीतरी हॉटपॉटला ओढून नेतं. टेबलाच्या मधोमध शेगडी, तिच्यावर लालभडक तेलाचं पातेलं आणि भोवती कच्च्या पदार्थांच्या बश्यांची दाटी. वेटर बश्या मांडतो, गॅस मोठा करतो आणि निघून जातो. यापुढचा स्वयंपाक तुमचा. काही कच्चं राहिलं किंवा चिवट झालं, तर आचाऱ्याला बोल लावायची सोय नाही.

नवखा माणूस सगळी काळजी पदार्थांची करतो: मेंदू मागवायचा का, आतडी खायची का, बेडूक तर नाही ना. गडबड मात्र त्याच्या आधीच, पातेलं निवडताना झालेली असते. रस्सा कशाचा, तो किती तिखट आणि कोणाकोणात वाटून घ्यायचा, हे आधी पक्कं करा. पदार्थ नंतर सावरून घेता येतात. एकदा टेबलावर आलेलं पातेलं बदलून मिळणं अवघड.

कोणत्या गावचा हॉटपॉट?

चीनमध्ये हॉटपॉट म्हणजे एकच पदार्थ नाही. सिचुआन-चोंगचिंगचा लाल, तेलकट, जीभ बधीर करणारा हॉटपॉट सगळ्यांत गाजलेला. चोंगचिंगमध्ये यांगत्से आणि ज्यालिंग या नद्यांच्या काठी हमाल-नावाडी स्वस्तातली आतडी-कोथळे तिखटजाळ रश्शात बुडवून खात, तिथून तो आला असं सांगतात. (आपल्याकडच्या शेझवान चटणीशी त्याचं नातं नावापुरतंच.)

बीजिंगचा थाट वेगळा. मध्ये धुरांडं असलेलं तांब्याचं भांडं, त्यात निखारे आणि भोवती जवळजवळ साधं पाणी: आलं, पातीचा कांदा, फार तर दोन-चार खजुरासारखी लाल बोरं. त्यात मेंढीच्या मांसाचे कागदासारखे पातळ काप क्षणभर बुडवायचे आणि तिळाच्या दाट चटणीबरोबर खायचे. बीजिंगचं दोंगलायशुन हे 1903 पासूनचं मुस्लिम पद्धतीचं नाव यासाठीच प्रसिद्ध आहे. मटण खाणाऱ्या पण गोमांस-डुक्कर टाळणाऱ्या मराठी माणसाला मी आधी हाच हॉटपॉट सुचवेन. अशा हलाल दुकानात डुक्कर नसतंच, रस्सा पाण्याचा असतो आणि टेबलावर फक्त मेंढीच मागवली की प्रश्न मिटतो.

दक्षिणेला ग्वांगदोंग प्रांतातल्या चाओशानचा हॉटपॉट जवळपास पूर्णपणे गोमांसाचा, म्हणून ज्यांना चालत नाही त्यांनी तिकडे फिरकू नये. युनानमध्ये पावसाळ्यात रानमशरूमचा हॉटपॉट मिळतो. तो अप्रतिम असतो, पण तिथला एक नियम काटेकोर पाळायचा. काही रानमशरूम अर्धवट शिजले तर माणसाला भास होतात, म्हणून कुनमिंगमधली हॉटेलं टेबलावर घड्याळ लावून देतात आणि वेळ संपेपर्यंत चॉपस्टिक हातात घेऊ देत नाहीत. तपासणीसाठी रश्शाचा नमुनाही काढून ठेवतात. तिथे घाई करायची नाही, आणि 'जरा चव बघतो' हेही नाही.

पुढचं सगळं सिचुआन-चोंगचिंगच्या हॉटपॉटबद्दल. गोंधळ तिथेच जास्त होतो आणि मजाही तिथेच जास्त आहे.

पातेलं

पहिला प्रश्न तेलाचा. चोंगचिंगचा अस्सल लाल रस्सा गाईच्या चरबीत बनतो. तिला 'न्यो-योउ' म्हणतात. मांसाची एकही बशी मागवली नाही, तरी बटाट्याच्या प्रत्येक कापाला ही चरबी लागतेच. हे बहुतेकांना जेवण झाल्यावर कळतं. पर्याय आहे, तो 'छिंग-योउ', म्हणजे वनस्पती तेलातला लाल रस्सा. चेंगदूत तो सहज मिळतो, चोंगचिंगच्या जुन्या गल्लीतल्या दुकानांत कमी. तेल वनस्पतीचं असलं तरी खाली हाडांचा रस्सा असू शकतो, तेव्हा तेही विचारायचं.

टोमॅटोचा आणि मशरूमचा रस्सा नावावरून शाकाहारी वाटतो, पण बऱ्याचदा त्याचा पाया कोंबडीच्या किंवा हाडांच्या रश्शाचा असतो. कडक शाकाहारी असाल तर 'छिंग-श्वे', म्हणजे साध्या पाण्याचं पातेलं मागा. बेचव वाटेल अशी भीती नको. त्यात मशरूम, मका, टोफू, मुळा टाकून दहा मिनिटं उकळलं की रस्सा स्वतःच तयार होतो आणि बाकीचं काम वाटीतली चटणी करते. तोंडी सांगायला 'वो छ्र सू' (मी शाकाहारी आहे), 'बू छ्र न्यो-रोउ' (गोमांस खात नाही) आणि 'बू छ्र जू-रोउ' (डुक्कर खात नाही) एवढं पुरे. मात्र चिनी उच्चारात सुरावर अर्थ बदलतो, त्यामुळे तोंडाच्या भरवशावर राहू नका. हीच वाक्यं भाषांतराच्या ॲपमधून चिनी लिपीत काढून फोनमध्ये जपून ठेवा आणि वेटरसमोर धरा. रश्शाबद्दलचं वाक्य वेगळं ठेवा. नुसतं 'गोमांस नको' म्हटलं तर तो बशीतल्या मांसाबद्दल समजतो, चरबीबद्दल नाही.

दुसरा प्रश्न, पातेल्याचे भाग किती. 'युएन-यांग' म्हणजे दोन खणांचं पातेलं, एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला पांढरा किंवा टोमॅटोचा रस्सा. मिश्र मंडळींसाठी हेच घ्या. 1994 साली सिचुआनच्या ज्यानयांग गावात सुरू झालेल्या हायदीलाओसारख्या साखळीत चार खणांचं पातेलंही मिळतं. खण वेगळे असले तरी उकळताना शिंतोडे इकडचे तिकडे उडतात आणि चॉपस्टिक सगळ्या खणांतून फिरतात. ज्याला हे चालत नाही त्याने एकेकट्याच्या छोट्या पातेल्याचं दुकान शोधावं. अशी दुकानं चीनच्या मोठ्या शहरांत भरपूर आहेत. घरच्यांपैकी कोणी जैन किंवा कडक शाकाहारी असेल तर मी दुसरं काही सुचवणारच नाही.

चोंगचिंगमध्ये नऊ खणांची जाळी टाकलेलं पातेलं दिसेल. पूर्वी अनोळखी माणसं एकाच पातेल्याभोवती बसून आपापल्या खणात शिजवत, त्यासाठी ती. आज तिचा उपयोग आचेसाठी होतो. मधल्या खणात उकळी सर्वांत जोरदार, तिथे क्षणभर बुडवायच्या वस्तू. चार कोपऱ्यांत आच मंद, तिथे सावकाश शिजणाऱ्या. खालून रस्सा सगळीकडे एकच असतो, जाळी फक्त पदार्थ पळू देत नाही.

तिसरा प्रश्न तिखटाचा. 'वेइ-ला' म्हणजे सर्वांत कमी तिखट. तेच सांगा. कोल्हापूरचे असाल, नागपूरचे असाल, तरीही. चोंगचिंगमध्ये 'कमी' हा तिखटाचा तळ आहे, आणि त्याखाली काही मागितलं तर वेटर हसतो.

नंबर, टेबल आणि मागवणं

संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत चांगल्या दुकानापुढे रांग असतेच. दारात किती माणसं ते सांगितलं की नंबराची चिठ्ठी मिळते. छोट्या आणि मोठ्या टेबलांचे नंबर वेगळे चालतात, त्यामुळे तुमच्या मागून आलेला पुढे गेला तर भांडायला जाऊ नका. बाहेर बाकड्यांवर सूर्यफुलाच्या बिया आणि चहा फुकट असतो. हायदीलाओने तर वाट पाहणाऱ्यांची नखं रंगवून द्यायची टूम काढली. साडेपाचला पोचलात किंवा साडेआठनंतर गेलात तर ही कटकट वाचते.

चार माणसं असली की हॉटपॉटला रंगत येते. दोघांत बश्या संपत नाहीत, आणि आठ जणांत पलीकडच्या टोकाला बसलेल्याला पातेल्यापर्यंत पोचता येत नाही.

मागवण्याची पद्धत आता बहुतेक क्यूआर कोडची. टेबलावरचा कोड वीचॅट किंवा अलीपे या चिनी ॲपने स्कॅन करायचा की फोनवर यादी उघडते, फोटोसकट. आपलं यूपीआय तिथे चालेल असं गृहीत धरू नका. अलीपेमध्ये व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं, ते भारतातूनच करून जा, कारण ओटीपीसाठी लागणारा भारतीय नंबर तिकडे रेंजमध्ये असेलच असं नाही. जुन्या दुकानांत अजूनही कागदी यादी आणि पेन्सिल मिळते. खुणा करायच्या आणि कागद द्यायचा.

किती मागवायचं? चौघांना आठ-नऊ बश्या सुरुवातीला पुरतात. मोठ्या साखळ्यांत अर्धी बशी मागवता येते, तो पर्याय जरूर वापरा. संपलं की पुन्हा मागवा, आणायला पाच मिनिटंही लागत नाहीत. एकदम वीस बश्यांनी टेबल भरलं की माणूस सगळं एकदम पातेल्यात लोटतो आणि मग कशाचाच पत्ता लागत नाही.

पहिल्या वेळेला माझी निवड अशी असेल: मेंढीच्या मांसाचे पातळ काप, कोळंबीचा लगदा, एखादी कुरकुरीत वस्तू, गोठवलेला टोफू, कमळकाकडी, बटाटा, एक मशरूम, एक पालेभाजी आणि रताळ्याच्या पिठाच्या रुंद पट्ट्या. गोठवलेला टोफू आवर्जून घ्या. गोठल्यामुळे त्याला जाळी पडते आणि तो रस्सा शोषून घेतो. शाकाहाऱ्यांसाठी टेबलावरची ही सगळ्यांत चविष्ट वस्तू. 'गोंग-त्साय' नावाच्या हिरव्या, वाळवून भिजवलेल्या देठांचा आवाज खाताना आपल्याच कानात घुमतो, तेही बघा. सोबत गुळाच्या पाकातले चिकट तांदळाचे तळलेले तुकडे आणि 'बिंग-फन' ही गार जेली सांगून ठेवा. तिखटानंतर त्यांची खरी किंमत कळते.

वाटीतली चटणी

सिचुआनमध्ये हॉटपॉटची चटणी म्हणजे तिळाच्या तेलाची वाटी, 'योउ-द्ये'. छोट्या पत्र्याच्या डब्यातलं तेल प्रत्येकाला मिळतं. तेलकट रश्शातून काढलेला पदार्थ पुन्हा तेलात बुडवायचा हे ऐकून आपण दचकतो, पण त्यामागे कारण आहे. मिरचीचा जाळ ज्याच्यामुळे होतो ते कॅप्सायसिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाही. वाटीतलं तेल पदार्थावरचं तिखट थोडं धुऊन काढतं आणि उकळता घास तोंडात टाकण्याजोगा गारही करतं.

वाटी अशी करा: डबा फोडून तेल ओता. त्यात ठेचलेला लसूण भरपूर, लाजू नका, दोन चमचे सहज. मूठभर चिरलेली कोथिंबीर, चिमूटभर मीठ, थोडं काळं व्हिनेगर. चालत असेल तर ऑयस्टर सॉस अर्धा चमचा. एवढंच. चटण्यांच्या काउंटरवर वीस-पंचवीस भांडी मांडलेली असतात आणि प्रत्येकातलं थोडंथोडं घ्यायचा मोह होतो, पण त्यातून तपकिरी चिखल तयार होतो. ज्यांना साध्या पाण्यातलं खायचंय त्यांनी वेगळी वाटी करावी: तिळाची पेस्ट, सोया सॉस, पातीचा कांदा, कोथिंबीर, दाण्याचा कूट. शेंगदाण्याची किंवा तिळाची ॲलर्जी असेल तर या टेबलावर फार जपून, कारण एकाचे चमचे दुसऱ्या भांड्यात सर्रास जातात.

आता शिजवा

रस्सा खदखदेपर्यंत थांबा. लाल रश्शाचं पातेलं आलं की वर चरबीचा थर असतो, तो पूर्ण वितळून मिरच्या नाचू लागल्या की सुरुवात. पांढरा रस्सा असेल तर काही टाकायच्या आधी वाटीभर पिऊन घ्या, तो शेवटी खारट आणि मांसाचा गाळ झालेला असतो. लाल रस्सा मात्र प्यायचा नसतो. मिसळीचा रस्सा आपण मागून मागून घेतो तसा हा मागितलात तर अख्खं टेबल थांबून तुमच्याकडे बघेल.

क्रम साधारण असा: आधी मांस, मग गोळे आणि टोफू, मग कंदमुळं, शेवटी पाला आणि पिठाच्या पट्ट्या. कारण साधं आहे. मांसाने रश्शाला चव येते, पिष्टमय पदार्थांनी तो दाट होऊन तळाला लागतो. बटाटा, कमळकाकडी आणि गोठवलेल्या टोफूला चार-पाच मिनिटं लागतात, म्हणून ते कडेला सोडून द्यायचे आणि विसरायचे. बटाटा मात्र फार विसरायचा नाही, तो विरघळतो.

चोंगचिंगची खरी कसोटी 'माओदू', म्हणजे गाईच्या किंवा म्हशीच्या पोटाचा काळसर, दाणेदार पडदा. तुम्ही खात नसलात तरी शेजारी खाणाऱ्याकडे बघाच. तो पडद्याचं एक टोक चॉपस्टिकमध्ये धरतो, सोडत नाही. सगळ्यांत जोरदार उकळीत बुडवतो, वर उचलतो, पुन्हा बुडवतो. याचा तिथला ठोकताळा 'सातदा वर, आठदा खाली', म्हणजे पंधराएक सेकंद. तेवढ्यात सपाट पडदा कडेने गोळा होतो आणि त्याच्यावरचे दाणे ताठ उभे राहतात. तो क्षण साधला तर घास करकरीत लागतो. अर्धा मिनिट जास्त झाला की रबर. हंसाची आतडी आणि मेंढीचे पातळ काप यांनाही हाच न्याय: हातातून सोडायचं नाही, रंग बदलला की बाहेर. बुडवून सोडलेला काप पुन्हा सापडत नाही, सापडला तर तो तुमचा असेलच असं नाही.

डुकराचं आणि कोंबडीचं मांस यात धरू नका. डुकराचे काप दोन-तीन मिनिटं, हाडासकट कोंबडीचे तुकडे दहा मिनिटं, आणि एक तुकडा फोडून बघितल्याशिवाय खायचे नाहीत. मासळीचे आणि कोळंबीचे गोळे वर तरंगले की आणखी एक मिनिट द्या, आत गोठलेला गाभा असतो. कच्चं मांस टाकायला वेगळी चॉपस्टिक किंवा चिमटा, जेवायला वेगळी. टेबलावर वेगळ्या रंगाची जोडी ठेवलेली असते ती 'गोंग-ख्वाय', सगळ्यांसाठीची. ती वापरली तर कोणी नावं ठेवत नाही.

सगळ्यांत उपयोगाची एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. लाल रश्शात सगळ्यांत जहाल होतं ते मांस नाही, पालेभाजी. पानांच्या घड्या, एनोकी मशरूमच्या काड्यांची जुडी, तळलेला पोकळ टोफू, हे सगळे लाल तेल भरभरून उचलतात आणि दाताखाली ते एकदम सुटतं. साधासुधा पाला म्हणून निर्धास्तपणे तोंडात टाकणाऱ्याला ठसका लागतो तो इथेच. पाला नेहमी पांढऱ्या बाजूला, दहा-वीस सेकंद. बटाटा आणि कमळकाकडी लाल बाजूला चालतात, त्यांच्या गुळगुळीत अंगावर तेल फार टिकत नाही.

आणि फुंकर मारा. तेलाचा थर असलेल्या रश्शाची वाफ बाहेर पडत नाही, त्यामुळे तो दिसतो त्याहून जास्त गरम असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 2016 मध्ये 65 अंश सेल्सिअसवरची अतिगरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला कारणीभूत ठरण्याची शक्यता नोंदवली होती. घास वाटीत दहा सेकंद ठेवला तर चव पळून जात नाही.

जीभ बधीर झाली तर

घाबरू नका, ती मिरची नव्हे, 'ह्वाज्याओ'. कोकण-गोव्याकडच्या वाचकाला ही ओळखीची वाटेल, कारण बांगड्याच्या कालवणात पडणारं तिरफळ तिचंच सख्खं भावंड, एकाच वनस्पतिवंशातलं. दोन्हीचं साल वापरायचं, आतलं काळं बी टाकायचं. फरक मात्रेचा. आपण कालवणात सात-आठ तिरफळं टाकतो, इथे ती मुठीने पडतात. तिच्यातल्या सँशूल नावाच्या घटकाने ओठांवर झिणझिण्या येतात. लंडनच्या संशोधकांनी 2013 मध्ये मोजलं तर ही थरथर सेकंदाला साधारण 50 कंपनांची भरली. दहा-पंधरा मिनिटांत ती ओसरते. अख्खा दाणा चावू नका, घासाबरोबर आला तर बाजूला काढा. रश्शातली मसाला वेलचीसारखी मोठी बोंडं, चक्रफूल, मिरच्या, हेही सगळं वासापुरतं, खायला नाही.

जाळ मात्र मिरचीचा. त्यावर पाणी पिऊन उपयोग नाही, बियरनेही फारसा नाही. सोयादूध किंवा दही मागवा, तेलातल्या तिखटाला तेच धरतं. आलुबुखारासारख्या आंबट फळांचं 'स्वान-मेइ-थांग' हे सरबत गोड-आंबट म्हणून बरं वाटतं. ज्यांचं पोट नाजूक आहे त्यांनी रिकाम्या पोटी लाल रस्सा सुरू करू नये, आधी वाटीभर परतलेला भात किंवा भोपळ्याची पोळी पोटात जाऊ द्यावी. दुसऱ्या दिवशी सकाळी सातची गाडी असेल तर आदल्या रात्री हॉटपॉट नको. कारण लिहायची गरज नाही.

उठायच्या आधी

रस्सा आटला तर 'ज्या थांग' म्हणा, वेटर किटलीतून फुकट भरून देतो. आच कमी-जास्त करायचं बटण टेबलाच्या कडेखाली असतं, ते जेवण सुरू व्हायच्या आधीच शोधून ठेवा. लाल तेल पुन्हा वापरण्याची जुनी खोड चीनमध्ये बेकायदा आहे. तरी फार स्वस्त आणि अंधारं दुकान असेल तर चरबीची वडी टेबलासमोर पाकीट फोडून पातेल्यात टाकतात का, ते बघा. चांगली दुकानं ते मुद्दाम दाखवतात.

बिलात पातेल्याचे वेगळे, चटणीच्या वाटीचे माणशी वेगळे आणि कधीकधी टिश्यूच्या पाकिटाचेही पैसे लागतात. ती फसवणूक नव्हे, रीतच आहे. चेंगदूच्या मध्यम दुकानात माणशी साधारण 80 ते 150 युआन होतात. न हात लावलेल्या बश्या बऱ्याच दुकानांत परत घेतात, त्याला 'थुइ-त्साय' म्हणतात. संकोच न करता विचारा, तिथली मंडळी सर्रास विचारतात. उरलेलं कच्चं बांधूनही देतात, पण हॉटेलच्या खोलीत त्याचं करणार काय! टीप ठेवायची पद्धत नाही. ठेवलीत तर वेटर विसरलेले पैसे समजून मागे धावत येतो. कोट आणि पर्स सुरुवातीलाच खुर्चीवरच्या कापडी झाकणाखाली किंवा वेटरने दिलेल्या पिशवीत घाला, कारण लोकरीत शिरलेला चरबी-मसाल्याचा वास दोन-तीन दिवस हलत नाही.